चुनकळीत साठवलेले ऊन

भिंतींना चुना देण्यासाठी चुनकळी भिजत घातली की पाणी खदखदू लागते, हे नवापूरच्या वाचकांना सांगावयास नको. एक किलो चुनकळी पूर्ण विरली, तर सुमारे साडेतीन लिटर पाणी उकळीस यावे इतकी उष्णता तीतून बाहेर पडते. ही उष्णता भट्टीने दिलेली. चुनकळीने ती केवळ जपलेली असते. विरलेला चुना सुमारे ५०० अंशांवर तापविला की पाणी निघून जाते व पुन्हा चुनकळी हाती येते. अशा उलटसुलट होणाऱ्या विक्रियांचा नियम सांगणाऱ्या हेन्री ल शाटेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचे स्मरण आज उचित ठरेल.

त्यांचा जन्म १८५० साली पॅरिस येथे, एका अभियंत्याच्या घरी झाला. १८७७ पासून ते तेथील खाणविद्यालयात शिकवू लागले. सिमेंट, प्लॅस्टर, चुना या गवंड्याच्या जिनसा त्यांनी अभ्यासासाठी निवडल्या. १८८४ मध्ये त्यांनी आपला नियम मांडला: समतोल साधलेल्या विक्रियेवर बाहेरून बदल लादला, तर ती त्या बदलाचा परिणाम कमी करण्याकडे झुकते. तापविले तर उष्णता शोषणारी बाजू बळावते. निवविले तर उष्णता देणारी.

याच नियमाच्या आधारे १९०१ मध्ये त्यांनी नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनिया बनविण्याचा प्रयत्न केला. उपकरणात हवा राहून स्फोट झाला आणि त्यांनी तो नाद सोडला. पुढे हे यश जर्मनीच्या हाबर यांना लाभले. हातची संधी गेल्याची खंत ल शाटेलिए यांना अखेरपर्यंत होती. १९३६ मध्ये ते निवर्तले.

पुढे ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील विद्यापीठाने उन्हाची उष्णता साठविण्यासाठी त्याच अमोनियाच्या विक्रियेवर संशोधन केले. नवापूरच्या शेजारी, साक्री तालुक्यात १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. परंतु सूर्य मावळला की त्याची वीजही थांबते. चुना स्वस्त आहे आणि त्यात साठविलेली उष्णता, तो कोरडा राहिला तर, महिनोन्‌महिने टिकते. वारंवारच्या वापराने त्याचे कण मोडतात व गोळे होतात, ही अडचण खरी. तिच्यावर उपाय शोधण्याचे काम आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी का अंगावर घेऊ नये? पहिल्या अपयशाने माघार घेण्याची किंमत काय असते, हे या चरित्राने दाखविलेच आहे.