हिंगणघाटला विसावलेले नकाशाकार लॅम्ब्टन

अमरावती : आज मोबाईलवर गावाचा नकाशा क्षणात उघडतो. पण देशाच्या अचूक नकाशाचा पाया घालण्यात विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याची वीस वर्षं गेली.

गणित ही त्यांची आवड, मोजणी ही नोकरी. १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ त्यांनी साखळीनं साडेसात मैलांची सरळ रेघ मोजायला घेतली. मग रेघेच्या दोन्ही टोकांवरून दूरची टेकडी यंत्रातून पाहायची, कोन घ्यायचे अन् उरलेल्या बाजू गणितानं काढायच्या. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत गेले. वह्यांमधले आकडे कागदावर चित्र होऊन उतरले. धुऱ्याच्या वादातही तोंडी मापापेक्षा नकाशाच लवकर समजतो ना, तसंच हे.

१८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना अर्ध्या टनाचं यंत्र आपटून वाकलं. लॅम्ब्टन यांनी ते स्वतः ठोकून सरळ केलं.

दक्षिणेतून निघालेली ही त्रिकोणांची माळ वऱ्हाडात आली. इंग्रजी दप्तरातलं टाकलखेडा हे तिचं इथलं महत्त्वाचं ठाणं. पण जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला लॅम्ब्टन वारले. त्यांची कबर तिथंच आहे.

पुढचं काम त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेलं. एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. पहिली रेघ मात्र लॅम्ब्टनची.