स्पंदनांचा साधक : सर चंद्रशेखर वेंकट रामन

कळमेश्वर तालुक्यातील धापेवाडा म्हणजे विदर्भाची पंढरी. तेथील विठोबाच्या यात्रेत वीणा-मृदंगाच्या गजरात तल्लीन होणाऱ्या भाविकाला त्या वाद्यांच्या नादामागील गणित ठाऊक असण्याचे कारण नाही. ते गणित जगापुढे मांडणारा शास्त्रज्ञ एकेकाळी येथून काही कोसांवर, नागपुरात, सरकारी हिशेब तपासत होता, याचा मात्र आपल्याला विसर पडला आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन हे त्याचे नाव.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील भौतिकशास्त्राचे अध्यापक आणि व्हायोलिनचे शौकीन. त्यामुळे विज्ञान आणि नाद यांचा संस्कार एकाच घरात झाला. प्रकाशलहरींवरील त्यांचा पहिला शोधनिबंध १९०६ साली लंडनच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते. त्या काळी संशोधनावर पोट भरण्याची सोय हिंदुस्थानात जवळजवळ नव्हती. साहजिकच त्यांनी वित्त खात्याची स्पर्धा परीक्षा दिली आणि १९०७ साली कलकत्त्यास नोकरी पत्करली. त्याच वर्षी त्यांचा लोकसुंदरी यांच्याशी विवाह झाला. त्या वीणा वाजवीत असत.

कलकत्त्याच्या बहुबाजार रस्त्यावर डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्थापिलेली विज्ञानसंस्था होती. तेथील प्रयोगशाळा ओस पडल्यासारखी होती. रामन कचेरीपूर्वी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्रीपर्यंत तेथे काम करू लागले. पुढे रंगूनला आणि १९१० मध्ये नागपूरला बदली झाली, तरी हा ध्यास सुटला नाही. प्रयोगशाळा नव्हती, तेव्हा राहत्या घरीच प्रयोग चालत. ताणलेली तार कशी थरथरते, तिच्या स्थिर वाटणाऱ्या बिंदूंपाशीही सूक्ष्म हालचाल कशी असते, असे त्यांचे प्रश्न असत. नागपूरचा मुक्काम अल्पकाळाचा ठरला आणि १९११ मध्ये ते पुन्हा कलकत्त्यास गेले.

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पालित प्राध्यापकपद देऊ केले. या पदाचे वेतन सरकारी वेतनाच्या निम्म्याच्या आसपास होते. हिशेबात मुरलेल्या या गृहस्थाने येथे मात्र हिशेब पाहिला नाही.

नेहमीच्या ढोलाच्या कातड्यातून उमटणारे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. ते सुमारे १.५९ पट, २.१४ पट अशा विषम प्रमाणात येतात, म्हणून कानाला नुसता धमाका ऐकू येतो. मृदंग व तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचा थर असतो. या थराच्या वजनामुळे उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा सुरेल प्रमाणात येतात, हे रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह दाखवून दिले. पुडीवर बारीक वाळू पसरून तिच्या आकृतींवरून त्यांनी ही कंपने डोळ्यांना दिसतील अशी केली. वीणा आणि तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार अलगद घासत राहते, त्यामुळे एरवी उमटू नयेत असे उपस्वरही घुमतात, हेही त्यांनी सिद्ध केले. मिरजेचे कारागीर ज्याला जवारी म्हणतात, तिचे मर्म हेच. पिढ्यान्‌पिढ्या हाताला ठाऊक असलेले ज्ञान अशा रीतीने शास्त्राच्या भाषेत आले.

१९२१ साली युरोपच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना विचारात पाडले. तेव्हापासून प्रकाशाच्या विखुरण्याचा अभ्यास सुरू झाला. त्याची परिणती २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने लागलेल्या शोधात झाली. तार थरथरते, तसेच पदार्थाचे रेणूही थरथरत असतात. त्यांच्यावर एकरंगी प्रकाश पडला, की विखुरलेल्या प्रकाशाच्या अत्यल्प अंशाची कंपनसंख्या रेणूच्या कंपनाइतकी बदलते. या बदलावरून पदार्थ ओळखता येतो. या ‘रामन परिणामा’साठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज औषधांची पारख करण्यापासून प्रथिने व पेशी यांच्या अभ्यासापर्यंत हीच पद्धत वापरली जाते.

या तेजाला एक काळी कडाही होती. १९३३ साली रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन आलेल्या कमला भागवत यांना त्यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांचे मत पालटले आणि पुढे तेथे विद्यार्थिनींना वाट मोकळी झाली. याच कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. रामन यांचे मोठेपण सांगताना हा प्रसंग गाळणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

१९४८ मध्ये रामन यांनी बंगळुरास स्वतःची संशोधन संस्था उभारली. १९५४ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला. उतारवयात फुलांचे रंग आणि मानवी दृष्टी हे त्यांच्या चिंतनाचे विषय झाले. प्रकाशलहरी डोळ्यांत शिरल्यावर रंगाची जाणीव कशी होते, याचा ते शोध घेत होते. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ १९९२ पासून रामन यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे आणि २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. भाषणे आणि हारतुरे त्या दिवशी होतातच. कळमेश्वरच्या एखाद्या शाळेने त्या दिवशी गावातला मृदंग वर्गात आणून त्याच्या पुडीवर चिमूटभर बारीक वाळू टाकून पाहिली, तर रामन यांचे स्मरण अधिक सार्थ होईल. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही, हे त्यांनी नागपूरच्या घरातच दाखवून दिले होते.