मॉस्को सोडणारा सेनापती

इ. स. १८१२ मध्ये नेपोलियनने रशियावर स्वारी केली, तेव्हा रशियन सैन्याची धुरा वृद्ध कुटुझोव्हकडे आली. पूर्वी तुर्कांशी लढताना दोनदा डोक्यात गोळी लागूनही तो वाचला होता. बोरोदिनोच्या घनघोर लढाईत एका दिवसात उभय पक्षांचे हजारो वीर पडले. लागलीच दुसरी लढाई दिली असती, तर सैन्यच उरले नसते. फिली गावी सेनानींची मसलत भरली. मते दुभंगली. अखेर कुटुझोव्हने मॉस्को सोडण्याची आज्ञा दिली. केवढा कठोर निर्णय हा! परंतु शहर गेले तरी सैन्य राहिले. ते दक्षिणेकडे नेऊन त्याने सुपीक प्रांतांची वाट रोखली. ओस पडलेल्या, जळालेल्या मॉस्कोतून नेपोलियनला आल्याच उजाड वाटेने परतावे लागले. भूक व थंडी यांनी त्याची सेना गारद केली. नेपोलियनचा पाडाव मात्र कुटुझोव्हला पाहावयास मिळाला नाही. १८१३ च्या एप्रिलमध्ये, मोहीम चालू असतानाच, तो वारला.