रुडॉल्फ डिझेल : उष्णतेचा हिशेब, घर्षणाची वजाबाकी

बेळगावची भाजी घेऊन चोर्ला घाटातून गोव्यात उतरणाऱ्या पिकअप गाड्यांच्या इंधनटाकीपाशी एक शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला असतो : डिझेल. हा शब्द आपण इंधनाचे नाव म्हणून वाचतो. मुळात ते एका जर्मन अभियंत्याचे आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल हे त्यांचे नाव. जळणात कोंडलेली उष्णता इतक्या मोठ्या प्रमाणात वाया का जावी, या एका प्रश्नाने त्यांना आयुष्यभर पछाडले. प्रश्नाचे उत्तर त्यांनी कागदावर लवकर मांडले. मात्र कागदावरचे गणित लोखंडात उतरताना घर्षण आपला वाटा मागते. तो वाटा चुकवता चुकवता त्यांची प्रकृती, संपत्ती आणि अखेर आयुष्यही सरले.

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील थिओडोर हे मूळचे ऑग्सबुर्गचे. पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू तयार करणे हा त्यांचा व्यवसाय होता. आई एलिझे न्यूरेम्बर्गच्या. घरची परिस्थिती बेताची होती. पण मुलाला यंत्रांचा नाद होता आणि पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात तो जुन्या यंत्रांची चित्रे काढत बसे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. जर्मन कुटुंबांना पॅरिसमध्ये राहणे अशक्य झाले. डिझेल कुटुंब लंडनला गेले आणि तेथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबुर्ग येथे काका ख्रिस्तोफ बार्निकेल यांच्याकडे पाठवण्यात आले. बार्निकेल तेथील व्यवसायशाळेत गणित शिकवीत. त्यांच्या घरी या मुलाला स्थैर्य लाभले आणि अभियंता व्हायचे हा निश्चयही तेथेच झाला.

१८७५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाले. तेथे शीतकरण यंत्रांचे प्रणेते कार्ल फॉन लिंडे त्यांचे प्राध्यापक होते. उष्णतेचे शास्त्र शिकवताना लिंडे यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम ६ ते १० टक्के उष्णतेचे उपयुक्त कामात रूपांतर होते. उरलेली धुरांड्यातून आणि थंड पाण्यावाटे निघून जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो यांनी यापेक्षा कितीतरी अधिक काम मिळणे तत्त्वतः शक्य असल्याचे १८२४ मध्येच दाखवले होते. तत्त्व आणि व्यवहार यांमधली ही दरी या विद्यार्थ्याच्या मनात कायमची रुतून बसली. १८७९ मध्ये विषमज्वरामुळे त्यांची अंतिम परीक्षा हुकली. मधल्या काळात त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे सुल्झर बंधूंच्या कारखान्यात काम केले. जानेवारी १८८० मध्ये ते परीक्षेला बसले आणि सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले.

त्यानंतर त्यांनी लिंडे यांच्या बर्फ कारखान्याचे काम पॅरिसमध्ये पाहिले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुलगे आणि एक मुलगी अशी तीन अपत्ये झाली. दिवसा बर्फाची यंत्रे आणि उरलेल्या वेळात स्वतःचे इंजिन, असा त्यांचा क्रम होता. प्रथम त्यांनी अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहिले. त्यात यश आले नाही. १८९० मध्ये ते बर्लिनला गेले आणि तेथे नवी कल्पना आकाराला आली. हवा अतिशय जोराने दाबली की ती तापते. तिचा दाब पुरेसा वाढवला, तर तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचूनच पेट घेईल. या कल्पनेवर त्यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते त्यांना फेब्रुवारी १८९३ मध्ये मिळाले.

मात्र या पहिल्या कल्पनेत एक गंभीर उणीव होती. इंजिनात हवेचा दाब २५० वातावरणांपर्यंत नेण्याचा डिझेल यांचा विचार होता. हवा इतकी दाबण्यासाठीच प्रचंड शक्ती खर्ची पडते आणि पिस्टन, बेअरिंग व क्रँकशाफ्ट यांच्या घर्षणात उरलेले बहुतेक काम संपून जाते. कागदावर सर्वांत कार्यक्षम दिसणारे इंजिन प्रत्यक्षात स्वतःलाच जेमतेम फिरवू शकले असते. ही चूक डिझेल यांच्या लक्षात आली. दाब पुष्कळ खाली आणून त्यांनी इंधन जाळण्याची रीत बदलली आणि १८९३ च्या अखेरीस सुधारित कल्पनेसाठी दुसरा अर्ज केला. या बदलाने इंजिन व्यवहारात शक्य झाले. मूळ पेटंटमधील इंजिन वेगळे आणि प्रत्यक्षात बांधलेले वेगळे, हा आक्षेप मात्र पुढे त्यांची पाठ सोडणार नव्हता.

हाइनरिख फॉन बुत्स यांच्या ऑग्सबुर्ग यंत्र कारखान्याने आणि क्रुप या पोलाद उद्योगाने त्यांना पाठबळ दिले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंधन आत जाताच स्फोट झाला, सिलिंडरवरील दाब नोंदवणारे उपकरण फुटले आणि डिझेल थोडक्यात बचावले. तरीही ठिणगीशिवाय इंधन पेटते, एवढे सिद्ध झाले होते. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट चालले. तोवर कारखान्याचा पट्टा इंजिनाला फिरवत होता. त्या क्षणी इंजिन पट्ट्याला ओढू लागले. ते पाहून जवळ उभ्या असलेल्या कारागिराने काही न बोलता डोक्यावरची टोपी उतरवली, असे सांगतात.

त्या एका मिनिटापासून विकण्याजोग्या यंत्रापर्यंत पोहोचायला आणखी तीन वर्षे लागली. इंधन सिलिंडरमध्ये बारीक फवाऱ्याच्या रूपाने सोडायचे, तर त्यामागे दाबलेल्या हवेचा झोत हवा आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर हवा. झडपा अडकत, पिस्टनच्या फटींतून वायू निसटत, काजळी साचे. या काळात इमानुएल लाउस्टर या तरुण अभियंत्याने केलेल्या रेखाटनांचे आणि ऑग्सबुर्गच्या कारागिरांच्या हातांचे ऋण मोठे आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. सुमारे तीन मीटर उंचीचे ते इंजिन मिनिटाला १५४ फेरे घेत सुमारे १८ अश्वशक्ती देत होते आणि इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करीत होते. विद्यार्थिदशेत ऐकलेल्या आकड्याच्या अडीच पटींहून अधिक मजल त्यांनी मारली होती.

कीर्ती आणि पैसा एकदमच आले. अमेरिकेतील मद्यउद्योजक अॅडॉल्फस बुश यांनी तेथील हक्कांसाठी १० लाख मार्क मोजले. रशियात नोबेल घराण्याने हक्क घेतले. डिझेल यांनी म्युनिकमध्ये आलिशान वाडा बांधला. पण ग्राहकांकडे गेलेली पहिली इंजिने सतत बंद पडू लागली. केम्प्टन येथील आगपेटीच्या कारखान्यात बसवलेल्या इंजिनाने तर निर्मात्यांना पुरते हैराण केले. प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या नजरेखाली चालणारे यंत्र सामान्य कामगाराच्या हाती, धुळीत आणि रोजच्या राबणुकीत टिकेना. सुटे भाग पुरेशा नेमकेपणाने घडवलेले नव्हते आणि देखभाल कशी करायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. या ताणाखाली डिझेल यांची प्रकृती ढासळली. तीव्र डोकेदुखीने त्यांना ग्रासले आणि १८९८ मध्ये त्यांना आरोग्यधामात दाखल व्हावे लागले. जमिनींच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत गुंतवलेला पैसाही बुडत गेला.

डिझेल यांचे स्वप्न मोठ्या कारखानदारांसाठी नव्हते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. वाफेचे इंजिन परवडत नाही म्हणून छोटा कारागीर कारखान्यांपुढे हरतो, याची त्यांना खंत होती. स्वस्त जळणावर चालणारे लहान इंजिन त्याला पुन्हा उभे करील, असा त्यांचा विश्वास होता. १९०३ मध्ये त्यांनी ‘सॉलिडारिझमुस’ हे पुस्तक लिहून कामगारांच्या परस्पर सहकार्याचा विचार मांडला. त्याला फारसे वाचक लाभले नाहीत. जळण कोणते असावे याबाबतही त्यांचे मन मोकळे होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. वसाहतींत पिकणाऱ्या तेलबियांवर तेथील यंत्रे चालावीत, हा फ्रेंच सरकारचा त्यामागील हेतू होता. डिझेल यांनी पुढे या प्रयोगाला मोठे महत्त्व दिले.

मोटारगाडीत बसेल असे लहान इंजिन करण्याचा प्रयत्नही त्यांनी १९०८ च्या सुमारास केला. तो फसला, कारण हवेच्या झोतासाठी लागणाऱ्या कॉम्प्रेसरचे ओझे गाडीला पेलवेना. उलट जहाजांत मात्र हे इंजिन झपाट्याने स्थिरावले. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डेन्मार्कचे डिझेल जहाज महासागरात उतरले. त्याच सुमारास जर्मनीतील काही प्राध्यापकांनी डिझेल यांच्या श्रेयावरच प्रश्नचिन्ह उभे केले. १९१३ मध्ये त्यांच्या शोधाला दंतकथा ठरवणारे एक पुस्तकही प्रसिद्ध झाले.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी डिझेल अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ या बोटीने इंग्लंडला निघाले. तेथे कंपनीची बैठक होती. सहप्रवाशांसोबत रात्रीचे जेवण घेऊन, सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ते आपल्या खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नव्हती. टोपी आणि कोट बोटीच्या कठड्यापाशी सापडले. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह आढळला. त्याच्याजवळच्या वस्तू काढून घेऊन खलाशांनी तो पुन्हा समुद्रार्पण केला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे मुलगा ऑयगेन याने ओळखले. निघण्यापूर्वी पत्नीकडे दिलेल्या पिशवीत २०,००० मार्क रोख आणि बँकेची खाती जवळपास रिकामी असल्याचे दाखवणारी कागदपत्रे निघाली. अनेकांनी ही आत्महत्या मानली, काहींनी घातपाताचा संशय घेतला. निर्णायक पुरावा कशाचाच मिळाला नाही.

त्यांच्या मागे इंजिनाची वाटचाल चालूच राहिली. पहिल्या महायुद्धात त्याने पाणबुड्या चालवल्या. कॉम्प्रेसरशिवाय इंधन फवारण्याच्या रीती विकसित झाल्या आणि १९२४ च्या सुमारास बेन्झ व मान या कंपन्यांच्या डिझेल मालमोटारी रस्त्यावर आल्या. मान ही कंपनी म्हणजे डिझेल यांच्या ऑग्सबुर्ग कारखान्याचाच पुढचा अवतार. १९२७ पासून बॉश कंपनीचा इंधनपंप मिळू लागला आणि लहान गाड्यांचा मार्ग खुला झाला. आपल्याकडे बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगघराण्याने १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली. विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत धडधडणारे इंजिन सामान्य माणसाच्या हाती आले. छोट्या कारागिराचे डिझेल यांनी पाहिलेले स्वप्न असे शेतकऱ्याच्या मळ्यात काही अंशी साकार झाले.

घर्षणाशी झुंज मात्र संपली नव्हती. डिझेल इंजिनात दाब अधिक, उष्णता अधिक आणि काजळीही अधिक. ही काजळी पिस्टनच्या कडेने वंगणात उतरते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीच्या इंजिनांत साध्या खनिज तेलाने पिस्टनच्या रिंगा चिकटून बसू लागल्या. तेव्हा मळ धुऊन तो तेलातच धरून ठेवणारी रसायने वंगणात मिसळण्यात आली. डिझेल गाडीतले ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते ते यामुळेच. काळेपणा हे बिघाडाचे नव्हे, तर ते आपले काम करीत असल्याचे लक्षण आहे.

सिंथेटिक ऑइल ही त्यापुढची पायरी. जमिनीतून निघालेल्या तेलात लहानमोठे, नाना आकारांचे रेणू असतात. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक प्रक्रियेने हवे तसे आणि पुष्कळसे एकसारखे घडवलेले असतात. त्यामुळे थंडीत इंजिन सुरू करताना ते लवकर सर्वत्र पोहोचते आणि भरल्या गाडीने घाट चढताना तापलेल्या टर्बोतही सहसा पातळ किंवा जळके होत नाही. डिझेल यांना पहिल्या ग्राहकांकडून मिळालेला धडा मात्र येथेही लागू पडतो. महागडे तेल देखभालीची जागा घेऊ शकत नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. तिला कमी राख सोडणारेच ऑइल चालते. गाडीच्या पुस्तिकेतील दर्जा आणि बदलण्याचा अवधी पाळला नाही, तर उत्तम सिंथेटिक तेलही निरुपयोगी ठरते.

आजची उत्तम डिझेल इंजिने इंधनातील ४० टक्क्यांहून अधिक उष्णता कामी लावतात. डिझेल यांनी पाहिलेल्या आदर्शापर्यंत कोणीच पोहोचलेले नाही आणि पोहोचणारही नाही, कारण घर्षण शून्य होत नाही. त्यांची महत्ता या अपूर्णतेने उणावत नाही. उष्णतेच्या उधळपट्टीचा हिशेब मागण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. त्या हिशेबातली वजाबाकी कमी करण्याचे काम त्यांच्यानंतर असंख्य हातांनी पुढे नेले आहे. वेळच्या वेळी गाडीचे ऑइल बदलणारा आपल्या गावचा मेकॅनिक हाही त्यांपैकीच एक.