बेथेलचे नारायणराव शेषाद्रि

जालन्याजवळील बेथेल हे गाव ज्यांनी वसविले, त्या रेव्ह. नारायण शेषाद्रि यांचे चरित्र आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

नारायणराव जन्माने ब्राह्मण. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असता 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी आकांत झाला. धाकटा भाऊ श्रीपत, सुमारे 12 वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. तेव्हा पित्याने सुप्रीम कोर्टात दाद मागून त्यास परत नेले. पण मूल घरी आले तरी जातीत येईना! ख्रिस्ती लोकांबरोबर जेवलेल्या मुलास प्रायश्चित्त आहे की नाही, ह्यावर मुंबईच्या ब्राह्मणांत मोठा कलह माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याचा पक्ष घेतला, तर लोक त्यांच्यावरही उठले. क्षमेचे दार किती अरुंद करिता येते, हे नारायणरावांनी आपल्याच घरी पाहिले.

पुढे 1863 च्या सुमारास ते निजामाच्या राज्यातील जालन्यास आले व मुख्यतः मांग लोकांत राहिले. ज्या कुळात ते जन्मले, त्याने ह्याच लोकांस गावाबाहेर ठेविले होते, त्यांची सावलीही टाळिली होती. तो दोष एकट्या नारायणरावांचा नव्हे. पण हात झाडून मोकळे होणे त्यांस मानवले नाही, असे त्यांच्या करणीवरून आम्हांस दिसते. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी ह्या बंधूंसाठी गाव वसविले, व त्यास बेथेल हे नाव दिले.

हे नाव कोठले, हे शास्त्र वाचणाऱ्यास सांगावयास नको. भावास फसवून पळताना याकोब प्रथम बेथेलास निजला. वीस वर्षे लाबानाकडे काढून तो परतला, तेव्हा आधी एसावापुढे सात वेळा भूमीपर्यंत लवला. बेथेलास जाऊन वेदी बांधिली ती त्यानंतर. आपल्या मंडळ्यांत अमका महार, तमका मांग असे म्हणून चटई निराळी अंथरणारे काही आहेत. त्यांनी हा क्रम पुन्हा एकदा वाचावा.

नारायणराव 1873 साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेस गेले. तेथे डोक्यास पागोटे घातलेल्या ह्या हिंदी पाळकाकडे सर्वांचे लक्ष वेधले. मानसन्मान पुष्कळ झाला, तरी ते जालन्यासच परत आले. 1891 साली, परदेशच्या दुसऱ्या एका फेरीत, समुद्रावर असतानाच त्यांचा अंत झाला.