बॉनच्या आधी जर्मन

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत आमची मुले-मुली जर्मन यंत्रांवर राबतात. त्यांपैकी कुणी उन्हाळ्यात जर्मनीला भाषा शिकायला जायचे म्हटले, की आम्ही पहिला प्रश्न पैशाचा काढतो. प्रश्न खोटा नाही. बाबासाहेबांपुढेही तो होताच. पण त्यांनी भाषा त्यासाठी अडवून ठेवली नाही.

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राबरोबर त्यांनी फ्रेंच व जर्मनचे प्राथमिक धडेही घेतले. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. तेथून १९२१ मध्ये बॉन विद्यापीठातील प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला, तोही जर्मन भाषेत! एप्रिल १९२२ मध्ये, उन्हाळी सत्रासाठी, बॉनच्या पटावर त्यांचे नाव लागले. लंडनच्या प्रबंधापायी बॉनचे शिक्षण पुरे झाले नाही, हेही आम्ही लपवू नये. पण संधी आली तेव्हा भाषा तयार होती.

याच पट्ट्यातील देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आम्ही तेथे वंदनेला जातो. यंदा परतताना घरातल्या एका तरी मुला-मुलीचे नाव भाषेच्या वर्गात घालू या. शिष्यवृत्तीचा अर्ज भरूच, पण शिकणे आजच सुरू होऊ द्या.