लिनियस ट्राइप : मद्रास सरकारचे छायाचित्रकार

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावर कोरलेला तमिळ शिलालेख एका दृष्टिक्षेपात मावत नाही. १८५८ साली कॅप्टन लिनियस ट्राइप यांनी कॅमेरा टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत त्याची २१ छायाचित्रे घेतली आणि ती जोडून जवळपास सहा मीटर लांबीचा पट तयार केला.

इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे १८२२ मध्ये जन्मलेले ट्राइप ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात अधिकारी होते. छायाचित्रणाची कला त्यांनी रजेवर मायदेशी असताना आत्मसात केली. १८५५ मध्ये ते कंपनीच्या शिष्टमंडळासह ब्रह्मदेशात गेले आणि तेथील १२० दृश्ये घेऊन परतले. त्यानंतर मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईतील सरकारने त्यांना अधिकृत छायाचित्रकार नेमले.

१८५७च्या अखेरीस ते बैलगाड्यांवर साहित्य लादून दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. या दौऱ्यात त्यांचा भर मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर होता, कारण हा कागद आधी तयार करून ठेवता येत असे. आकाश मात्र कोरेच उमटे. मग ट्राइप निगेटिव्हवर हाताने ढग रंगवीत. नोंदीच्या काटेकोरपणाशी हे विसंगत खरे, पण चित्राला त्याने खोली येई.

तंजावरचे भोसले घराण्यातील शेवटचे राजे दुसरे शिवाजी १८५५ मध्ये निवर्तले होते आणि पुत्र नसल्याने राज्य कंपनीने खालसा केले होते. ट्राइप तेथे पोहोचले ते त्यानंतर अवघ्या काही वर्षांत. मदुराईत त्यांनी तिरुमल नायकाचा भग्न राजवाडा टिपला. नायकाच्या नातवानेच त्याचा मोठा भाग उतरवून नेला होता. गव्हर्नर लॉर्ड नेपियर यांनी १८६६ नंतर डागडुजी करण्यापूर्वी या वास्तूची अवस्था काय होती, हे ट्राइप यांच्या छायाचित्रांतून कळते. अमरावतीची शिल्पेही १८५९ मध्ये लंडनला रवाना होण्यापूर्वी त्यांनी मद्रासच्या संग्रहालयात टिपून ठेवली.

त्याच वर्षी गव्हर्नरपदी आलेल्या सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना हा सारा खटाटोप चैनीचा वाटला. त्यांच्या आदेशाने १८६०पर्यंत विभाग गुंडाळण्यात आला. गंमत अशी की, कलकत्त्याच्या करधोरणावर जाहीर टीका केल्याबद्दल खुद्द ट्रेव्हेलियन यांनाही त्याच वर्षी परत बोलावले गेले. ट्राइप यांचा विभाग मात्र पुन्हा उघडला नाही.

ट्राइप पलटणीत परतले. पुढे ब्रह्मदेशात घेतलेली मोजकी दृश्ये वगळता त्यांनी छायाचित्रण जवळपास सोडून दिले. १९०२ मध्ये डेव्हनपोर्ट येथेच त्यांचे निधन झाले.